आतल्या बाजूची कडी

मी गायला लागले की गल्लीतली कुत्रीसुद्धा घर बदलतात, असं माझी नणंद चारचौघांत सांगते. सांगू दे! त्या रविवारी मी गायले, तशी जन्मात कधी गायले नव्हते. छाती अशी धडधडत होती की वेगळा ताल धरायची गरजच नव्हती.

पण थांबा, आधीपासून सांगते. माझं किल्ल्या-कुलपांचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता मी चालवते. सगळे मला चावीमावशी म्हणतात. त्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीच्या खजिनदारांनी नव्या घरी बोलावलं. दारांना कड्या बसवायच्या होत्या. एकेक दार उरकत स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीपाशी आले, तर खजिनदारीणबाई म्हणाल्या, "हिला बाहेरून बसवा. चांगली जाड."

मी आत डोकावले. पोत्यांशेजारी गादी, खिळ्याला दोन कपडे, उशाशी कंगवा.

"इथे कोण झोपतं?"

"कामवाली. उगाच इकडेतिकडे फिरते हो, म्हणून."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या. भांडी घासणारी पोर असेल वीस-बावीसची. तिने नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजाआड म्हणाली, "मावशी, मला घरी जायचंय. हे जाऊ देत नाहीत. माझे कागदही यांच्याकडेच आहेत." एवढंच बोलली आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हत्यारं पिशवीत कोंबली आणि "ही कडी माझ्या हातून बसायची नाही" म्हणून तडक पोलीस चौकी गाठली. तिथले पोलीस म्हणाले, "तिने स्वतः तक्रार करायला हवी. तुमच्या शब्दावर आम्ही कुणाच्या घरात कसे शिरणार?" घ्या! म्हणजे जी कोंडलेली आहे तिनेच चालत यायचं आणि सांगायचं, की साहेब, मी कोंडलेली आहे!

मग पाळकांकडे गेले. आमचे पाळक देवमाणूस, पण मांजर आडवं आलं तरी त्याची माफी मागतील. कपाळाला हात लावून म्हणाले, "मावशी, त्यांनी चर्चचं छप्पर करून दिलंय हो. आपण प्रार्थना करू."

"करा की! पण जरा डोळे उघडे ठेवून करा. छप्पर गळलं तर भिजू, विरघळणार नाही आपण!"

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मी म्हटलं, झालं, इथेही पालथ्या घड्यावर पाणी.

घरी येऊन भाजी चिरत होते आणि एकदम सुरी खाली ठेवली. रविवारी त्याच घराच्या समर्पणाची प्रार्थना होती! आमच्यात रीत अशी, की सगळी मंडळी गात गात नवं घर फिरते आणि पाळक प्रत्येक खोलीत उभे राहून आशीर्वाद मागतात. प्रत्येक! न्हाणीघरसुद्धा सुटत नाही. माणसांसमोर त्या पोरीला बोलता आलं की काम फत्ते. मी फक्त नणंदेला सांगितलं.

"अगं वहिनी, आपल्याला मंडळीतून काढतील!"

"काढू देत. वन्सं, तुम्ही एवढंच करा, स्वयंपाकघरात गाणं थांबवू नका."

रविवारी घर माणसांनी फुललं होतं. ती पोर मात्र कुठेच दिसेना. बैठक झाली, माडी झाली, लेकीची खोली झाली. तिथे खजिनदारीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "लेक मोठी झाली ना आता, तिला आतून कडी लागणारी खोलीच हवी होती." सगळ्यांनी ती चकचकीत कडी पाहिली, मान डोलावली. मी पण डोलावली.

शेवटी स्वयंपाकघर. आशीर्वाद झाला, आमेन झालं. खजिनदार म्हणाले, "चला, आता खाऊन घ्या." लोक वळले, आणि मी तेच गीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं! नणंदेने थरथरत्या आवाजात धरलं. बाकीचे बिचारे, कुणी सुरू केलं की गाणारच.

"बास, मावशी!" खजिनदार ओरडले. मी आणखी वरच्या पट्टीत गेले आणि कोठीसमोर पाय रोवून उभी राहिले. बाहेरून जाड कडी होतीच. कुणीतरी बसवून दिली होती.

"ही खोली राहिली," मी म्हटलं.

"ती कोठी आहे. आत पोती आहेत."

"पोत्यांना बाहेरून कडी कशाला? पळून जातात का?"

कुणीतरी फिसकन हसलं. आणि तेवढ्यात आतून दारावर टकटक झाली.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. खजिनदारीणबाई घाईघाईने म्हणाल्या, "अहो, बरं नाहीये तिला. आम्ही तिला लेकीसारखं ठेवलंय!"

"लेकीसारखं? लेकीची कडी कुठल्या बाजूला आहे, ते आत्ताच पाहिलं की सगळ्यांनी!"

मी कडीला हात घातला, तर खजिनदारांनी माझं मनगट पकडलं. तेवढ्यात गर्दीतून आमचे पाळक पुढे आले. चेहरा पांढराफटक, पण पुढे आले!

"त्यांचा हात सोडा."

"पाळकसाहेब, छप्पर विसरू नका."

"नाही विसरलो. त्याच छपराखाली उभा राहून मी दर रविवारी सांगतो, की दडपलेल्या माणसाच्या बाजूने प्रभू उभा असतो. आज घरभर फिरून आपण त्याला 'ये' म्हणतोय, आणि तो आधीच आलाय. या आतल्या गादीवर बसलाय. तुम्ही त्याला बाहेरून कडी घातलीय."

आणि त्यांनी स्वतः कडी ओढली.

ती दारात उभी राहिली, कंगवा मुठीत आवळून. एवढी माणसं पाहून भांबावली. आता हिने "मी बरी आहे" म्हटलं की सगळं मुसळ केरात! खजिनदारीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "सांग गं, तुला काही कमी आहे का इथे?"

पोरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बोल गं माझे बाई, बोल!

"मला घरी जायचंय," ती जमिनीकडे बघत म्हणाली. मग मान वर केली आणि बैठकीतल्या माणसांनाही ऐकू जाईल असं ओरडली, "मला घरी जायचंय! माझे कागद द्या!"

मी नणंदेच्या गळ्यात पडून रडले, लाज कशाची? पाळकांनी पोलिसांना फोन लावला. यावेळी ते लगेच आले, पण त्याआधीच कागद कपाटातून बाहेर आले होते. ती पुढच्या दाराने बाहेर पडली.

जबाब वगैरे होईपर्यंत ती आमच्याकडे, दुकानाच्या वरच्या खोलीत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आली.

"मावशी, एक मागू?"

"माग की गं."

"वरच्या खोलीला कडी बसवून द्याल? आतून."

हातातलं काम टाकून बसवून दिली. तिने दार लावलं. खट! उघडलं. खट! पुन्हा लावलं. मी खाली आले.

दुपारी एक गिऱ्हाईक छताकडे बघत म्हणालं, "मावशी, वरची कडी बिघडलीय वाटतं."

"नाही हो," मी म्हटलं, "छान चालतेय."