मशीनला राणी, स्वतःला गाढव

मालकीणबाईंनी विचारलं होतं एवढंच, की कापणारे मास्तर महिनाअखेरीला लेकाकडे राहायला जाताहेत, तर त्यांचं टेबल तुम्ही घ्याल का. त्या "तर त्यांचं टेबल" इथवर आल्या होत्या, तेवढ्यात काकूंच्या तोंडून निघून गेलं, "छे, मला नाही जमायचं."

"शनिवारपर्यंत विचार करा," मालकीणबाई म्हणाल्या. "नाहीतर माझा भाचा बसलाच आहे मोकळा."

पडदे शिवायच्या त्या कारखान्यात सगळ्या पोरी त्यांना काकू म्हणायच्या. एकटा भाचा मात्र "ए" म्हणायचा. पडद्याची वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे त्याला अजून कळत नव्हतं. घरी जाताना काकू वाटभर स्वतःवर धुमसत राहिल्या. कापायला त्यांना चांगलं यायचं. मास्तर जेवायला गेले की निम्मं काम त्यांच्याच कात्रीखालून जायचं. खिडकीजवळचं ते टेबल त्यांना हवंही होतं, कधीपासून. पण जिभेला कोण समजावणार?

घरी नणंद होती. ती नुकतीच कुठल्याशा शिबिराला जाऊन आली होती, आणि तेव्हापासून घरात कुणाला साधं डोकं दुखायचीही सोय राहिली नव्हती.

"वहिनी, आरशासमोर उभी राहा आणि म्हण, मी समर्थ आहे. मी सगळं करू शकते."

"सगळं नको गं. एक टेबल पुरे."

"बघ, सुरुवातच अशी करतेस."

काकू उभ्या राहिल्या. 'मी समर्थ आहे' म्हटलं की आरशातली बाई ओठ मुडपून अशी बघायची, जसं भलत्याच दारात आलेल्या पाहुणीकडे बघावं. बाहेरून नवरा विचारायचा, "अगं, कोण आलंय?"

"समर्थ बाई आल्या होत्या," काकू म्हणायच्या. "गेल्या."

दुसऱ्या दिवशी शिवता शिवता दोरा तुटला. "गाढवे, डोळे कुठं गहाण टाकलेस," काकू स्वतःवरच खेकसल्या. मग जाड कडेवर मशीन अडली, तसा त्यांचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "चल गं राणी हळूहळू, वळणावरती नको रडू. दमलीस होय? दम खा. एवढी कड काढ, मग तेल पाजते तुला."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "बाई, इतकी वर्षं ऐकतोय मी हे. मशीनला राणी आणि स्वतःला गाढव. एकदा मशीनला शिव्या घालून बघा, किती शिवते ते."

"मशीन म्हणजे लोखंड. तिला काय कळतंय?"

"मग जिला कळतंय तिला का घालता?"

काकूंना राग आला. त्यांनी पाठ फिरवून मशीन सुरू केली.

पण त्यानंतर कान उघडले ते मिटेनात. चष्मा सापडला नाही, वेंधळी. दूध उतू गेलं, ठोंबी. दार ओढून घेतलं की नाही ते आठवेना, म्हातारी झालीस आता. दुसरं कुणी असं बोललं असतं तर काकूंनी त्याला दारातून आत घेतलं नसतं. आणि ही शिव्या घालणारी तर डोक्यातच बिऱ्हाड करून बसली होती, वर टाकून बोलत होती. काकूंना तिचा वीट आला. नणंदेचं ते समर्थपण काही आपल्याला झेपायचं नाही, त्यांनी ठरवलं, पण मशीनशी बोलतो तेवढं तरी स्वतःशी बोलू. एकदा ठरवणं सोपं होतं. दर वेळी नव्यानं ठरवणं जिवावर यायचं. 'गाढ' इथवर शब्द यायचा, तो कडू गोळीसारखा गिळायचा. दिवसभरात दहादा गिळला आणि दहादा सुटला.

शनिवारी सकाळी त्या मालकीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "टेबल मी घेते."

"कापून दाखवा," मालकीणबाई म्हणाल्या. पुढ्यात हिरवी मखमल ठेवली. महाग, एकदा कापली की कापली. मास्तर बाजूला सरकले. भाचा दाराला टेकून उभा राहिला.

काकूंनी मखमलीवरून तळवा फिरवला. थांब, दम खा. लव खाली निजतेय ना? निजतेय. सगळे पट्टे एकाच दिशेनं लावलेस? लावले. मग चल, घाई नाही.

कात्री पाण्यातल्या होडीसारखी गेली. मखमल नीट निघाली. मग अस्तर कापलं, पट्ट्यावर ठेवलं, आणि ते चार बोटं कमी भरलं.

"झालं," भाचा हसला. पोरींच्या मशिनी थांबल्या.

काकूंच्या घशाशी ते जुनं वाक्य आलंच. मी म्हटलं नव्हतं, मला नाही... त्यांनी ओठ मिटले. दोन्ही हात टेबलावर टेकवले.

"चुकलंय," त्या म्हणाल्या. "अस्तर चार बोटं कमी आहे. खाली पट्टी जोडते, दिसायची नाही. टेबल मला उंच पडतं, टाचा उचलून मोजावं लागतं, तिथं घोळ झाला. सुताराला बोलवा आणि पाय कापून घ्या याचे."

मालकीणबाईंनी उंच्यापुऱ्या भाच्याकडे पाहिलं. "पाय कापले तर मग ते दुसऱ्या कुणाच्या कामाचं राहणार नाही, काकू."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या आणि खाली बसून, खडूनं टेबलाच्या पायावर आपल्याला हवी तिथं रेघ मारली.