चार बोटं हिरवी वायर

"वहिनी, भिंती बुजवून टाका. तपासायला कुणी येत नसतं," दीर म्हणाला. तो वायरिंगचा परवानाधारक कंत्राटदार होता. कोण येत नाही हे त्याला अधिकृतपणे माहीत होतं.

"येतील. नियमात आहे."

वहिनी शिवणकाम करायच्या. सात आठवडे घरातल्या भिंतींना उभे-आडवे चर पडले होते आणि त्यांतून त्यांनी स्वतः टाकलेल्या वायरी दिसत होत्या, उलट्या केलेल्या कपड्याच्या शिवणींसारख्या. घरमालकाने आपलं वायरिंग आपण करायला नियमाची हरकत नव्हती. गिलाव्याआधी सरकारी साहेबाने ते बघावं, एवढीच अट. नियम होता, पण त्याचा अर्ज कुणी छापला नव्हता, कारण आजवर कुणी मागितलाच नव्हता. वहिनींनी कोऱ्या कागदावर पट्टीने रकाने आखून तो दिला. साहेब येईपर्यंत मीटर बंद आणि शिलाई मशीन पायावर.

"हे काय पायजम्यात नाडी ओवणं आहे?"

"तसंच आहे, भावजी. फक्त नाडी दुसऱ्या टोकाला निघाली का, ते बघायचं."



दोन वर्षांपूर्वी वहिनींचे यजमान अंघोळीला गेले आणि गिझरला हात लागून तिथेच संपले. लोक म्हणाले, दैव. दैवाला परवाना लागत नाही. बैठकीच्या खोलीत मात्र फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं: 'वायरिंग नियमानुसार. अर्थिंग तपासले.' खाली दिराची सही. वहिनींनी भिंत फोडली, तेव्हा गिझरची अर्थिंगची हिरवी वायर चार बोटं आत जाऊन संपली होती. पुढे नुसती वीट.

"मी सही देतो, उद्या लाइट येईल," दीर खाली बघत म्हणाला. "घरचा माणूस असताना…"

"मागच्या वेळीही घरचाच होता."

"तेव्हा दहा साइटी चालू होत्या, वहिनी."

"हो ना. अकराव्या घरात तुमचा भाऊ राहत होता."

आठव्या आठवड्यात साहेब आला.

"कंत्राटदार कुठंय?"

"मीच."

साहेबाने त्यांच्या मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं. मग पॉइंटमागून पॉइंट तपासत गेला. न्हाणीघरात तर गुडघ्यांवर बसला. शेवटी म्हणाला, "बाई, बाहेरच्या खोलीतला एक स्विच चुकलाय. बंद केला तरी दिव्यात करंट राहील."

"उसवते," म्हणत वहिनींनी त्याच्यासमोर तो नीट केला.

"बारा वर्षांत इतकं बारकाईनं पहिल्यांदाच बघितलं," साहेब घाम पुसत म्हणाला.

"मग बाकीची घरं?"

"त्यांच्या कागदावर कंत्राटदाराची सही असते ना!"

मंजुरीच्या कागदावर 'काम करणाऱ्याचे नाव' या रकान्यात वहिनींनी आपलं नाव ठसठशीत लिहिलं.

भिंती बुजल्या. गिझरशेजारची वीतभर जागा तेवढी वहिनींनी उघडी ठेवली. जुनं प्रमाणपत्र काढून ती फ्रेम तिथे बसवली. काचेआड हिरवी वायर, वरपासून खालपर्यंत, कुठेही न तुटलेली.

महिन्याने दीर आला. हात धुवायला न्हाणीघरात गेला, तो बराच वेळ बाहेर येईना. नळाचाही आवाज नव्हता.

वहिनींनी मशीन थांबवलं नाही. तिथूनच म्हणाल्या, "गिझर चालू आहे, भावजी. हात लावा. काही होत नाही."