पुष्पाबाईंच्या बांगडीतली पिन

मी एक जुनी सेफ्टीपिन आहे, मित्रांनो, आणि माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही.

कारखान्यातून निघून मी सुरतच्या नवागामात पुष्पाबाईंच्या बांगडीत येऊन अडकले. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणं हे त्यांचं काम. पदराला मी, नाडी ओवायला मी, जेवल्यावर दात कोरायलाही मीच! "मनी पिन सोनानी शे," त्या आपल्या अहिराणीत म्हणायच्या. सोन्याची म्हटल्यावर मी फुगून जायचे.

मागच्या वर्षी त्यांना रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. गोळी घेतली की उतरे, पुन्हा चढे. मला लगेच संशय आला. आधी टिकल्यांच्या गोंदाचा, मग नळाच्या पाण्याचा. शेजारच्या भागीरथीचा तर फारच, कारण ती "किती वाळलीस गं!" म्हणत टक लावून बघायची. महिन्याभरात बाईंना दोन पावलांवर धाप लागू लागली. मुलगी धनश्री त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हृदयाची झडप आधीच अधू होती. आता तिच्यावर जंतूंनी घर केलंय. इंजेक्शनं देऊच, पण झडप काढून नवी बसवावी लागेल." मग त्यांची नजर बांगडीतल्या माझ्यावर गेली. "हिनं दात कोरता? हिरड्यांतून रक्त येतं?"

"येतं कधीमधी," बाई म्हणाल्या.

"जंतू बहुतेक तिथूनच रक्तात शिरले."

अगं बाई! सगळ्या जगावर संशय घेतला, आणि चोर मीच?

ऑपरेशनच्या सकाळी धनश्रीनं आईच्या बांगड्या रुमालात बांधल्या आणि रुमाल मुठीत आवळून बाहेर बसली. "आई जगू दे," एवढंच पुटपुटत होती. मला फार भीती वाटली.

बाई जगल्या. दीड महिना इंजेक्शनं घेऊन घरी आल्या. छातीत आता धातूची झडप टिकटिकते. आल्या आल्या बांगड्या चढवल्या, सवयीनं मलाही.

परवा दुपारी त्यांच्या दातात मेथी अडकली. हात माझ्याकडे आला, मी उघडले गेले. टोक ओठांशी पोचलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, नव्या झडपेला जंतू लागले तर वाचणं कठीण. मला ती टिकटिक ऐकू येत होती आणि मला काहीच करता येत नव्हतं.

बाई थांबल्या. मी भागीरथीकडे संशयानं बघायचे ना, अगदी तशाच माझ्याकडे बघायला लागल्या.

"नको वं माय, तुना भरोसा नही!" म्हणाल्या आणि मला मिटून चूळ भरायला उठल्या.

जन्मात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मित्रांनो, मला पदराला लावा, नाडी ओवा. तोंडाशी मात्र नेऊ नका. माझ्यावर संशय घ्या, मीही घेते.