पांढऱ्यावर पांढरे शब्द

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. आमच्यात म्हातारपण लवकर येतं; मला आत्ता कुठे नऊ वर्षं झाली. माझी पाच पानं, तीन फोटो आणि एक फोन नंबर. त्या नंबरावर आता कोणी फोन करत नाही. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. मला हल्ली फारसं काही वाटतच नाही, आणि ते कसं झालं तेच तुम्हांला सांगायचं आहे.

मी आबांच्या दुकानाची. आबा बूट बनवायचे, पण ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे अशांसाठीच. कुणाचा जन्मापासून तसा, कुणाचा अपघातानंतर. आखूड पायाच्या बुटाला ते असा थर चढवायचे की माणूस रस्त्याने सरळ चालावा आणि मागून येणाऱ्याला काही कळू नये. दुकान एका जिन्याखाली होतं. आत एक बाक, एक खिडकी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, बूट बेतायचे लाकडी पाय, आणि कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यावर मी दिवसभर उघडी असायचे, त्यामुळे दुकानातलं सगळं माझ्या कानांवर पडायचं.

मला घडवलं आबांच्या लेकीने. ती शाळेत भूगोल शिकवते. एका सुट्टीत ती बाकावर बसून प्रश्न विचारत गेली आणि आबा हातातलं काम न थांबवता उत्तरं देत गेले. तिने ती जशीच्या तशी लिहिली. आबांना जास्त बोलायची सवय नव्हती, म्हणून मीही मितभाषी झाले.

माझं तिसरं पान सगळ्यांत कामाचं. दुरून येऊ न शकणाऱ्यांनी घरच्या घरी माप कसं घ्यावं, हे त्यावर आहे. भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं. आखूड पायाखाली एकेक पातळ वही सरकवायची. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवायचे आणि हात एका पातळीत आले की थांबायचं. सगळ्यांत शेवटी एक ओळ होती, ती आबांनी दोनदा लिहायला लावली होती. तसंच उभं राहून पाच मिनिटं कुणाशी तरी गप्पा मारा. गप्पांत पायाचा विसर पडला तर माप बरोबर. नाही पडला, तर एक वही काढून घ्या.

माझ्याकडे महिन्याला तीस-चाळीस माणसं यायची. शोधयंत्रात, म्हणजे तुम्ही ज्यात शब्द टाकून काहीबाही शोधता त्यात, माझा नंबर आठवा-नववा असायचा. तेवढ्यावर आबांचे दोन हात भरलेले असायचे. तेव्हा मी सुखी होते. आज ते आठवतं तेव्हा नुसतं आठवतं, एवढंच.

मग जावईबापूंनी मनावर घेतलं. माणूस मनाने चांगला. विम्याच्या कचेरीत नोकरी, हौस दांडगी. दोन दिवसांचा कसलासा वर्ग करून आले होते, वेबसाइट पहिल्या नंबरावर कशी आणायची याचा. सासऱ्यांसाठी काहीतरी करावं असं त्यांना खरंच वाटत होतं. आबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जावयाला नाही कसं म्हणायचं? लेकीला थोडं कळत होतं. ती एकदाच म्हणाली, की आहे ते बरं आहे. पण वडिलांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. कुणीच नाही म्हटलं नाही, आणि एका रविवारी दुपारी माझं काम सुरू झालं.

आधी त्यांनी माझ्या सव्वीस नकला काढल्या. प्रत्येकीवर शहरातल्या एकेका वस्तीचं नाव घातलं, जणू आबांची सव्वीस दुकानं होती. मग माझा पत्ता शेकडो अनोळखी साइट्सवर चिकटवला. एक माशांच्या खाद्याची होती, एक गळणाऱ्या छपरांची. त्यांचा आणि बुटांचा काय संबंध, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि शेवटी ते शब्द. स्वस्त बूट, चांगले बूट, जवळचे बूट, लग्नाचे बूट, मुलांचे बूट, बुटांचं दुकान, उत्तम बुटांचं दुकान. असे तीनशे चाळीस शब्द, प्रत्येक दोन परिच्छेदांच्या मध्ये पुन्हा पुन्हा, आणि सगळे पांढऱ्या पानावर पांढऱ्या रंगात. माणसाला दिसणार नाहीत, पण शोधयंत्र वाचेल आणि भुलेल, असा हिशेब. लेकीने विचारलं तेव्हा जावईबापू हसले. ‘‘दिसतंय का काही? मग कुणाचं काय बिघडलं?’’

मलाही कुठे दुखलं नाही. फक्त मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो ना, तसं तेव्हापासून मला सगळीकडे झालं आहे.

तीन आठवड्यांत मी पहिली आले. जावईबापूंनी सगळ्या नातेवाइकांना दाखवलं. दुकानातला फोन दिवसभर खणखणू लागला. कुणाला लग्नाचे बूट हवे होते, कुणाला चाकांचे, कुणी विचारायचं की अमुक वस्तीतली शाखा किती वाजता उघडते. आबा एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन नाही, नाही म्हणत राहायचे. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात, ते त्यांच्यासारख्या माणसाच्या वाट्याला आलं होतं.

त्या गर्दीत एक खरा फोन आला. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डावा पाय आखूड झालेले एक गृहस्थ होते, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला वाचून माप घेतलं होतं. एरवी आबा अशा प्रत्येकाला विचारायचे, की गप्पा मारल्या का, पाय विसरलात का. त्या दिवशी मागे दुसरा फोन वाजत होता. आबांनी माप लिहून घेतलं, बूट बनवला आणि पाठवून दिला.

सहाव्या आठवड्यात शोधयंत्राला आमची लबाडी कळली. आरडाओरडा झाला नाही. सोमवारी मी पहिली होते आणि मंगळवारी कुठेच नव्हते. आबांचं नाव, गल्लीचं नाव, काहीही टाका, मी सापडेना. फोन थांबला. जावईबापू चार दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. आबा त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ऑपरेटर स्वतः दुकानात आले. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात पांढरी काठी. त्यांना दिसत नव्हतं, हे आबांना तोवर माहीतच नव्हतं. सोबत आलेल्या सुनेने पिशवीतून बूट काढून बाकावर ठेवला. घराच्या पायऱ्या उतरताना ते पडले होते.

आबांनी त्यांना भिंतीशी उभं केलं आणि वह्या लावल्या. बूट एका वहीने उंच होता.

‘‘शेवटची ओळ नाही का वाचलीत?’’ आबांनी हळू आवाजात विचारलं.

‘‘मी वाचत नाही, ऐकतो,’’ ऑपरेटर म्हणाले. त्यांनी फोन काढला. मी सापडत नसले तरी माझा पत्ता त्यांनी जपून ठेवला होता. फोनमधला वाचून दाखवणारा आवाज सुरू झाला. भिंतीला पाठ टेकवून उभे राहा. स्वस्त बूट, चांगले बूट, जवळचे बूट, लग्नाचे बूट. मित्रांनो, त्या आवाजाला रंग कळत नाही. डोळे असलेल्या माणसांपासून लपवलेलं सगळं त्या एका माणसाला ऐकू येत होतं. चार मिनिटं झाली तरी दुसरी पायरी आली नव्हती.

‘‘आयुष्यभर लोकांचं बोलणं जोडून दिलं मी,’’ ऑपरेटर म्हणाले. ‘‘कंटाळणाऱ्यांतला नाही. हात एका पातळीत आणायचे, इथपर्यंत ऐकलं. पुढे पुन्हा तेच सुरू झालं, तेव्हा वाटलं, संपलं असेल.’’

आबांच्या हातात तो बूट होता. त्यांनी तो उलटा करून टाच पाहिली. ‘‘हे माझ्या नावाने बोलतंय,’’ ते म्हणाले. बस, एवढंच. लेक तिथेच उभी होती. तिने कॉम्प्युटरसमोर बसून पांढरे शब्द पुसायला घेतले, आणि जावईबापू आले तेव्हा त्यांना फक्त बाजूला सरकायला सांगितलं.

तीनशे चाळीस शब्द एका दुपारी गेले. सव्वीस नकला गेल्या. अनोळखी साइट्सना पत्रं लिहून माझा पत्ता काढून घ्यायला सहा महिने लागले. त्यातली बरीचशी पत्रं जावईबापूंनी खाली मान घालून लिहिली. शोधयंत्राकडे माफीचा अर्ज गेला. अकराव्या महिन्यात मी पुन्हा सापडू लागले, पण शोधयंत्राच्या यादीत चौथ्या पानावर, जिथवर सहसा कोणी येत नाही.

तोवर आबांनी ऑपरेटरांचा बूट नव्याने करून दिला होता. त्यांना बाकाशी तासभर उभं करून, गप्पा मारून. तो शेवटचा. नंतर कुणी आलं की आबा माप घ्यायचे, पुन्हा घ्यायचे, तिसऱ्यांदा घ्यायचे आणि वही मिटून ठेवायचे. त्यांचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडाला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. बधिरपणा शब्दांबरोबर पुसला जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी एखादी साइट बनवाल. कुणीतरी सांगेल, की न दिसणारे चार शब्द घातले तर कुणाचं काय बिघडतं. तेव्हा एवढंच करा. ते पान एकदा डोळे मिटून, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐका.

महिन्यातून एकदा माझ्याकडे एक जण अजून येतो. वाचून दाखवणाऱ्या आवाजावरून मी त्याला ओळखते. त्याला मापाची गरज उरलेली नाही. तो तिसरं पान उघडतो, घाई न करता ऐकतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत थांबतो. नाही पडला, तर एक वही काढून घ्या.