तीनदा आलेला उमेदवार

"दोनदाच वाजवा, मग थांबा. आतल्या माणसाला उठायला वेळ लागतो," असं लिडियाबाई पिंकहॅम दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या.

मित्रांनो, मी त्यांच्या दारावरची एक जुनी पितळी कडी आहे. मला ओतलं त्याला नव्वद वर्षं झाली. पुढे विजेची घंटा आली आणि मला कुणी विचारेना. मी हिरवी पडले. लिडियाबाई देवाघरी गेल्या, त्यांची लेक अर्सुला घरात एकटी राहिली. तिने जन्मभर सुईणपण केलं. एका हिवाळ्यात घंटा बिघडली, तर तिने शिरका आणि मीठ लावून मलाच घासून काढलं. तेव्हापासून माझे दिवस पालटले.

आमच्या न्यू हॅम्पशर राज्यात दर चार वर्षांनी आम्हा कड्यांचा हंगाम येतो. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, हे मतदार राज्याराज्यांतून ठरवतात. आमची पाळी अगदी सुरुवातीची, म्हणून उमेदवार स्वतः दारोदार फिरतात. आमची माणसं मात्र शेवटपर्यंत "अजून ठरलं नाही" म्हणतात.

त्या खेपेला रेनर नावाचे एक गव्हर्नर जूनमध्येच आले. काळ्या माश्या चावत होत्या. त्यांनी मला दोनदा वाजवलं आणि थांबले.

"इतक्या लवकर?" अर्सुला म्हणाली. "मतदानाला अजून सात महिने आहेत."

"नंतर गर्दीत तुमचं ऐकू येणार नाही, बाई."

तिने खोऱ्यातल्या बाळंतपणाच्या दवाखान्याचं सांगितलं. तो बंद होणार होता. ते पायरीवर तासभर बसून ऐकत राहिले. सप्टेंबरमध्ये पुन्हा आले, तेव्हा दवाखाना पाहून आले होते. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्यांदा आले. त्या दिवशी अर्सुलाने आयुष्यात पहिल्यांदा उमेदवाराला शब्द दिला, "माझं मत तुम्हाला."

जानेवारीत दूरच्या एका मका पिकवणाऱ्या राज्यात आमच्याआधी मतं पडली. रेनरना फारच थोडी मिळाली. त्यांनी माघार घेतली आणि ते घरी गेले. आमच्या मतपत्रिका मात्र आधीच छापून झाल्या होत्या. त्यांवर रेनरांचं नाव होतंच.

शेवटच्या आठवड्यात मला उसंत नव्हती. कॅमेरे घेऊन एक सिनेटर आले. त्यांनी मला पाचदा बडवलं आणि दवाखाना वाचवीन म्हणाले. ते जिंकण्याच्या बेतात होते.

मतदानाच्या सकाळी शेजारची मॉड गाडी घेऊन आली.

"अर्सुला, चल गं! सिनेटरला मत देऊन टाकू. तुझा दवाखाना तरी वाचेल."

"मी रेनरना देणार आहे."

"वेडी की काय? लग्न मोडून वऱ्हाड परत गेलं, आणि तू आता आहेर घेऊन निघालीस!"

"असेल."

"अगं, त्याला कळणारसुद्धा नाही!"

"कागदावर नाव आहे ना त्यांचं?"

"तुझ्यापुढे डोकं फोडून उपयोग नाही," म्हणत मॉड एकटीच निघून गेली.

लवकर आल्याने मत मिळतं का, असं लोक विचारतात. मी पाहिलं तेवढंच सांगते. रेनरना या दारातून एक मत मिळालं, पण राज्य मिळालं नाही. सिनेटरही थोडक्यात हरले. त्यांना राज्य मिळालं असतं, तरी दवाखाना वाचला असता की नाही, मला ठाऊक नाही. मी एवढंच म्हणेन, मित्रांनो, की जुन्या वस्तूला अधूनमधून पुसत जा. दारात आलेल्या माणसाचं बोलणं पुरतं ऐका. आणि शब्द देण्याआधी तीनदा विचार करा, कारण तो नंतर सांभाळावा लागतो.

त्या सकाळी मॉड गेल्यावर अर्सुला बराच वेळ आत होती. मग ती बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून बाहेर आली. दार ओढून घेतलं, जिन्याच्या कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरली आणि मतदान चाललं होतं त्या गावच्या सभागृहाच्या रस्त्याला लागली.