पुलावरून पडणारे भावोजी

सायकली दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने दुपारी दुकानाचं शटर ओढलं, साबणाने हात दोनदा धुतले आणि घरात येऊन कॉम्प्युटरसमोर बसला. कीबोर्डला ग्रीस लागलं की बायको ओरडायची. ती जाऊन वर्ष होत आलं होतं, पण शेजारची तिची खुर्ची त्याने हलवली नव्हती.

ऑनलाइन खेळातली त्यांची टीम तिने उभी केली होती. इतरांच्या टीमना वाघ-सिंहांची नावं; हिने ठेवलं ‘निवांत मंडळ’. सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून हा सगळ्यांचा भावोजी. किल्ला घ्यायला निघालं की वाटेत दोरखंडाचा पूल लागायचा, आणि भावोजी त्यावरून हमखास नदीत पडायचे. एकट्याला वर येता येत नसे. दुसऱ्याने उडी मारून हात द्यावा लागे. ताई पडद्यावर उडी मारायची, इकडे खुर्चीतून याला कोपराने ढोसायची, आणि अख्खं मंडळ काठावर खोळंबायचं.

“ताई, यांच्यापेक्षा गाढव आणलं असतंत तर सामान तरी वाहिलं असतं,” हेडफोनमधून दातांची डॉक्टरीण म्हणायची.

“गाढवाशी लग्न नाही ना झालं माझं. थांबा गुमान.”

तेवढ्यात गप्पा रंगायच्या. ट्रकवाला मुलीच्या शाळेचं सांगायचा, डॉक्टरीण सासूची नक्कल करायची. किल्ला कधी मिळायचा, कधी राहून जायचा.

ती गेल्यावर टीम याच्या गळ्यात पडली. आपल्यापायी तिच्या मंडळाचं हसं नको, म्हणून त्याने रोज सकाळी एकट्याने पूल घोटला. पडला की खेळ बंद करायचा, पुन्हा पहिल्यापासून. आता तो सरळ पार व्हायचा. किल्लेही झटपट पडू लागले. पण किल्ला पडला की जो तो आपल्या वाटेने जायचा. हळूहळू एकेकाने येणंच सोडलं. आता एका मोठ्या टीमने निरोप धाडला होता: आमच्यात या, नाव मात्र आमचंच राहील. आज काय ते ठरवायचं होतं.

“भावोजी, राग मानू नका,” डॉक्टरीण म्हणाली. “आजचा किल्ला घेऊ आणि जाऊ तिकडे. इथे आता उरलंय काय?”

“बघू,” तो म्हणाला.

पूल आला. सगळे मुकाट्याने पार झाले. मागून तो निघाला, आणि मधोमध थांबला. पलीकडे सगळे किल्ल्याकडे तोंड करून उभे होते. कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. त्याने खाली पाण्याकडे पाहिलं आणि जाणूनबुजून पाऊल बाजूला टाकलं.

धबक्कन आवाज झाला.

मग ट्रकवाला खो-खो हसत सुटला. “पडले! अहो, भावोजी पडले!”

“वर्षभर बरे चालत होतात की हो!” डॉक्टरीण ओरडली. “आता कोण काढणार तुम्हाला?”

प्रवाह त्याला ओढत होता. तेवढ्यात पाण्यात दुसरा धबका झाला.

“द्या हात,” डॉक्टरीण म्हणाली. “खरंच, गाढव परवडलं.”

“थांबलोच आहोत, तर सांगतो,” काठावरून ट्रकवाल्याचा आवाज आला. “मुलगी नापास झालीय. घरात कुणाशी बोलायची सोय नाही.”

“अरे! कशात? नीट सांग बघू.” डॉक्टरीण पाण्यातच थांबली.

बऱ्याच वेळाने भावोजींनी हळूच विचारलं, “त्या मोठ्या टीमला काय कळवू?”

“कळवा, आमचा अजून पूलच ओलांडून झाला नाही म्हणावं,” डॉक्टरीण म्हणाली.

तो हसला. हसताना त्याचं कोपर शेजारच्या खुर्चीला लागलं. ते त्याने तिथेच राहू दिलं.