बिनधुराचे धुराडे

मित्रांनो, मी एक जुने धुराडे आहे. संध्याकाळचे सात वाजत आले, की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. का, ते ऐका.

सिंगापूरच्या उकाड्यात धुराडे कशाला, असे तुम्ही विचाराल. मलाही ते कधी कळले नाही! एका इंग्रज इंजिनिअरने बुओना व्हिस्टाजवळ इंग्लंडमधल्या आपल्या गावातल्यासारखी घरांची रांग बांधली. भिंतीला भिंत लागलेली आठ घरे, विटांच्या कमानी, उंच अरुंद खिडक्या, लाल कौले. नकाशा तिकडून आला होता आणि नकाशात धुराडी होती, म्हणून आठही घरांवर ती चढली. खाली दिवाणखान्यात शेकोटीचा कोनाडाही झाला. गवंडी घाम पुसत हसले, पण काम त्यांनी चोख केले.

लोक थांबून रांगेचे फोटो काढत. आम्ही आठही जण रुबाबात उभे असायचो. पण माझ्या पोटात विस्तव कधी पेटलाच नाही. कोनाड्यात कधी छत्र्या राहिल्या, कधी मोडका पंखा.

आता घरात विभा आणि देवदत्त हे पुण्याचे जोडपे राहते. ती जवळच्या वन-नॉर्थ या संशोधन-वसाहतीत संशोधक, तो आयटीत. देवदत्तने फोनवर ईशान्य दिशा शोधली, ती नेमकी कोनाड्यातच निघाली. झाले, शेकोटीच्या जागी देवघर! पण छताला लावलेला धुराचा अलार्म वाजेल म्हणून धूप नाही, नुसता विजेचा दिवा. मी मनातून फार चरफडले.

मग गेल्या पावसात मला चीर गेली आणि घरात पाणी गळू लागले. घरमालकाने कळवले, की शुक्रवारी दुरुस्तीचे ठेकेदार मिस्टर लिम तपासायला येतील. धुराडे आरपार असेल तर दुरुस्ती, नुसते शोभेचे असेल तर पाडून टाकायचे. शेजारची तीन अशीच गेली होती. माझी झोप उडाली, कारण मी खरे की शोभेचे, हे मलाच ठाऊक नव्हते.

शुक्रवारी लिम शिडीवर चढले. आतल्या वळणामुळे बॅटरीच्या उजेडात काही दिसेना. "डमी, आय थिंक," ते खाली ओरडले.

विभा ताडकन उठली. "देवदत्त, धूप कुठे आहे रे?"

"अगं, अलार्म वाजेल! सगळी रांग बाहेर येईल."

"येऊ दे. धूर कुठे जातो ते तरी कळेल."

तिने कोनाड्यात धूप पेटवला. देवदत्त टॉवेल घेऊन अलार्मखाली उभा राहिला. आधी धूर खोलीतच घुटमळला. मी घाबरले. मग तो आत वळला, साचलेल्या पाल्यातून वाट काढत चढला आणि लिमच्या नाकातच शिरला.

"एऽ, रिअल वन, ला!" ते शिंकत आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "रिपेअर कॅन!"

माझी चीर बुजली. मित्रांनो, कुणालाही निकामी ठरवण्याआधी एकदा त्याचे काम त्याला करून पाहू द्या. मला त्यासाठी चिमूटभर धूप पुरला.

आता धूर माझ्यातून वर जातो, अलार्म वाजत नाही, म्हणून विभा रोज सात वाजता धूप लावते. आज सातला पाच कमी आहेत, आणि ती अजून ऑफिसातून आलेली नाही.